आग्रहाचा संदर्भ

महेश विधाते सरांनी आयुष्यात एकच शोधनिबंध जीव ओतून लिहिला होता, आणि तो कुणीही वाचलेला नव्हता. 'मंदगतीने थंड होणाऱ्या विश्वातील अदिश क्षेत्राचे वर्तन' असं त्याचं नाव. नाव ऐकलं की माणसं 'अरे वा' म्हणायची आणि नळाला पाणी किती वाजता येतं याची चौकशी करायची. सरांच्या पत्नी दीपमाला विमा कंपनीच्या ऑफिसात होत्या. निबंध छापून आला तेव्हा त्यांनी पहिलं पान निष्ठेने वाचलं. दुसऱ्या पानावर 'यावरून सहजच दिसून येते की' असं वाक्य लागलं, तिथे त्या थांबल्या. 'मला काही दिसलं नाही बाई,' एवढं बोलून त्यांनी तो कपाटात नीट ठेवून दिला. त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

तेव्हापासून सर रोज सकाळी चहा घेता घेता कम्प्युटरवर बघत, की जगात कुठे कुणी आपल्या निबंधाचा उल्लेख केला आहे का. उत्तर शून्य यायचं. शून्य बघून सर कॉलेजला जायचे. काही लोकांना सकाळी देवपूजेशिवाय बाहेर पडवत नाही, तसं सरांचं या शून्याशी झालं होतं.

निबंध जिथे छापला होता ते 'दक्षिणवाहिनी जर्नल ऑफ थिऑरेटिकल फिजिक्स' तसं घरचंच. दक्षिणवाहिनी शिक्षण प्रसारक मंडळ हे सरांच्या कॉलेजचं मायबाप. मंडळाच्या एका बैठकीत ठरलं, की आपलंही एक आंतरराष्ट्रीय जर्नल पाहिजे. कोणत्या विषयाचं, यावर बराच वेळ गेला. शेवटी सरचिटणीस सावळीराम तात्यांनी विचारलं, की ज्याला प्रयोगशाळा लागत नाही, उपकरणं लागत नाहीत, असं काही आहे का. कुणीतरी सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं नाव घेतलं आणि ठराव मंजूर झाला. संपादक म्हणून विधाते सरांची निवड एकमताने झाली, कारण त्या दिवशी ते रजेवर होते.

पहिल्याच अंकात सरांनी आपला निबंध छापला. त्यामुळे घरच्या कपाटातली प्रत सोडली, तर तो जगात त्या एका ठिकाणीच होता: मंडळाच्या वेबसाइटवर, प्रवेश अर्ज आणि वसतिगृहाचे नियम यांच्या मधल्या कप्प्यात.

अकरा वर्षं कुणी त्या कप्प्याकडे बघितलं नाही. मग तात्या एकदा पुण्याला संस्थाचालकांच्या मेळाव्याला गेले आणि तिथे जेवताना शेजारच्या खुर्चीवरच्या कुणा अध्यक्षांनी त्यांना विचारलं, 'तुमच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?' तात्या फुलकोबी आणि द्राक्षांच्या धंद्यात मुरलेले. कोणताही भाव आधी आपण सांगायचा नसतो, हे ते जाणून होते. त्यांनी हसून दुसरी जिलबी घेतली आणि नाशिकला आल्या आल्या सरांना बोलावणं धाडलं.

"सर, आपला किती हाय?" तात्यांनी विचारलं.

आता इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जर्नलने मागच्या दोन वर्षांत जे निबंध छापले, त्यांचा जगाने यंदा किती वेळा संदर्भ दिला, त्याची सरासरी म्हणजे तो आकडा. म्हणजे गेल्या दोन वर्षांत तुम्ही ज्यांना जेवायला घातलंत, त्यातल्या किती जणांनी यंदा चारचौघांत तुमचं नाव काढलं, असा हा हिशेब आहे. जेवण कसं होतं हे त्यात येत नाही. त्याआधीचं जेवणही धरत नाहीत.

"शून्य पूर्णांक शून्य चार," सर म्हणाले.

तात्या बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले. "म्हंजे एक आख्खा माणूस बी नाय?"

"सरासरी आहे तात्या."

"सरासरीत बी नाय ना पण?" तात्यांचा आवाज कधी चढत नसे. त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं. "हे बघा सर, मूल्यांकन समिती येणार हाय. त्यांच्यापुढं मी हा आकडा कोणत्या तोंडानं ठेवू? एकच्या वर न्या. नाय जमलं तर आपण जर्नल बंद करू. वेबसाइटवर ती जागा रिकामी व्हईल, तिथं फुलशेतीच्या डिप्लोमाची माहिती टाकू. त्याला लय मागणी हाय."

सर घरी आले ते पडेल चेहऱ्याने. जर्नल जाईल याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण जर्नल गेलं की निबंध जाणार. कुणी वाचलाच नाही, हे दुःख एक वेळ सोसता येतं, कारण उद्या कुणी वाचेल अशी आशा असते. त्या जागी जरबेराच्या लागवडीची माहिती आली, की आशेलाही जागा उरत नाही.

"जे कुणी वाचत नाही ते बंद झालेलं कुणाला कळणार?" दीपमाला म्हणाल्या. त्यांनी समजूत घालण्यासाठीच म्हटलं होतं. सर मात्र जेवताना एक पोळी कमी खाऊन उठले.

त्या दिवसांत घरी आणखी एक मोठं काम चालू होतं. सरांचे थोरले भाऊ संतोष मखमलाबादला झेंडू आणि भाजीपाल्याची शेती करत. त्यांच्या मुलाचं, हर्षलचं, लग्न ठरलं होतं आणि लग्नपत्रिकेचा मजकूर करायला आई रंगूबाई सरांकडे मुक्कामाला आल्या होत्या, कारण दीपमालांना टायपिंग येत होतं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत नवरा-नवरीचं नाव शोधावं लागतं. बाकी कागदभर निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, कार्यवाहक आणि स्नेहांकित अशी भावकी पसरलेली असते, आणि सगळ्यात वर, गणपतीच्या खाली, स्वर्गवासी झालेली मंडळी आशीर्वाद देत असतात. रंगूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गेल्या चाळीस वर्षांत कुणी कुणाचं नाव कोणत्या ओळीत घातलं आणि कुणी मुद्दाम गाळलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

"गंगापूरच्या पाळद्यांचं नाव वरच्या वळीत घे गं," त्या सुनेला सांगत होत्या.

"आई, पण ते आपले लागतात कोण?" सरांनी विचारलं.

"लागायला कशाला पाह्यजे? त्यांनी त्यांच्या पोरीच्या लग्नात आपल्या संतोषचं वरच्या वळीत घातलं व्हतं. त्यांनी आपलं घातलं, आता आपण त्यांचं घालायचं. न घालून चालतंय का?"

सरांच्या हातातल्या चहावर साय धरली. ज्या प्रश्नावर मोठमोठ्या विद्यापीठांत अहवाल लिहिले जातात, त्याचं उत्तर आई मटार सोलता सोलता देत होती.

समोरच्या फ्लॅटमधले पुंजाराम अण्णा काठे तिथेच पेपर वाचत बसले होते. अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सल्ला हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय होता. सरांनी आपली अडचण सांगताच त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"सोपं आहे सर. आमच्याकडे वीज करणारा एक संच बंद पडला की आम्ही दुसरीकडून वीज घ्यायचो. त्यांचा बंद पडला की आपण द्यायची. मीटर दोन्हीकडे फिरत राहतं."

"ती खरी वीज असते अण्णा."

"मीटरला काय कळतंय?" अण्णा म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले.

सरांची सदसद्विवेकबुद्धी शाबूत होती, असं म्हणायला हरकत नाही. ती चांगली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. मग त्यांनी सातपूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना फोन लावला. त्यांचंही एक जर्नल होतं, त्याचाही आकडा बसलेला होता. "तुम्ही आमचे पाच संदर्भ घाला, आम्ही तुमचे पाच घालतो," एवढं वाक्य बोलायला सरांना तीनदा घसा खाकरावा लागला. पलीकडून आवाज आला, "अहो, मी कधीची वाट बघत होतो कुणीतरी विचारेल म्हणून."

मग काय, एकाचे चार झाले आणि चाराचे चाळीस. नगरपासून धुळ्यापर्यंत जिथे जिथे मरगळलेलं जर्नल होतं, तिथे तिथे सोयरीक जुळली. सरांनी सगळ्यांना आपल्या जर्नलमधल्या अलीकडच्या निबंधांची नावं पाठवली. पाठवण्याआधी क्षणभर थांबून त्यांनी शेवटी आपलाही निबंध जोडला. अकरा वर्षांपूर्वीचा निबंध इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये मोजत नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण एवढी पंगत बसतेच आहे, तर आपलंही एक पान मांडावं, इतकाच त्यांचा विचार होता.

जर्नलकडे निबंधांचा ओघ सुरू झाला. कांदाचाळीतली हवा कशी खेळवावी यावर एक निबंध आला. त्याच्या नावाआधी 'सैद्धांतिक अभ्यास' जोडून सरांनी तो घेतला. लेथ मशीन का थरथरतं यावर एक आला, त्यात चौथ्या ओळीत कृष्णविवरं होती, कारण कृष्णविवरांवर लिहिणारे गृहस्थ पहिल्या चाळिसांत होते. निबंध पाच पानांचे आणि संदर्भ नऊ पानांचे, असं प्रमाण बसलं. दूध नासण्याच्या वेगावर लिहिणाऱ्या एका बाईंनी संदर्भांनी भरलेला निबंध पाठवला आणि मूळ मजकूर जोडायला विसरल्या. तो छापून झाल्यावर लक्षात आलं, तेही फक्त त्या बाईंच्याच.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण नाव घालण्याचा व्यवहार आला की रुसवाही आलाच. नाशिकरोडच्या एका निवृत्त विभागप्रमुखांचा फोन आला. ते सरांचेही सर होते.

"विधाते, माझा संदर्भ चाळिसावा? माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा बारावा आणि मी चाळिसावा?"

"सर, मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येतो त्या क्रमाने आकडा पडतो."

"मग मजकुरात मला आधी आणा."

त्यामुळे अर्धवाहकांवरच्या एका निबंधाची सुरुवात 'गुरुवर्यांच्या कार्याचे प्रथम स्मरण करून इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाकडे वळू' अशी झाली. ते वाचून दुसऱ्या एकाला आपले दिवंगत गुरू आठवले. मग संदर्भांच्या वर 'कै.' लावून दिवंगत शास्त्रज्ञांची एक ओळ आली. धुळ्याकडच्या एका प्राध्यापकांनी तर अबोलाच धरला. त्यांचं म्हणणं, नाव गाळलं त्याचं वाईट नाही वाटलं, पण ज्याचं घातलं त्याच्यामुळे वाईट वाटलं. सरांचा फोन दिवसभर वाजायचा. वर्गात ते गुरुत्वाकर्षण शिकवताना मध्येच थांबून 'अरेरे, जळगाव राहिलं' असं पुटपुटायचे.

"लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर काय करतात गं?" एका संध्याकाळी त्यांनी हताशपणे दीपमालांना विचारलं.

"खाली एक ओळ टाकतात की. ती बघा, मी आत्ताच टाइप केली."

सरांनी ती ओळ घेतली. जर्नल इंग्रजीत असल्यामुळे त्यांनी तिचं इंग्रजी केलं आणि पुढच्या अंकापासून प्रत्येक निबंधाच्या शेवटी छापली. तिचा मराठी अर्थ असा होता: 'नजरचुकीने कोणाचा संदर्भ राहून गेला असल्यास क्षमस्व. हाच आग्रहाचा संदर्भ समजावा.' त्या दिवसापासून फोन बंद झाले. आपण आयुष्यात केलेलं हे सगळ्यात उपयुक्त संशोधन, असं सरांना वाटून गेलं.

मूल्यांकन समितीची तारीख अशा तारखांच्या रिवाजाप्रमाणे पुढे पुढे गेली, आणि हर्षलच्या लग्नाचा मुहूर्तही. तोवर नवा आकडा जाहीर झाला. चार पूर्णांक सात.

तात्यांनी मखमलाबाद नाक्यावर फ्लेक्स लावला. त्यात तात्या कमरेपासून वर, हात जोडून उभे. मागे आकाशगंगा. मधोमध लाल अक्षरांत '४.७ इम्पॅक्ट फॅक्टरच्या घवघवीत यशाबद्दल मंडळाचे हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कार्यकर्ते असतात तिथे, डावीकडून सहावा चेहरा विधाते सरांचा. फोटो त्यांच्या ग्रंथालयाच्या जुन्या ओळखपत्रावरून घेतला होता. त्यावर शिक्क्याचा अर्धा भाग कपाळावर आला होता.

"लय बारीक आलाय फोटो सर," नाक्यावर भाजी विकणाऱ्या सगुणाबाईंनी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता सांगितलं. "पण वळखू येतोय."

रंगूबाईंनी मखमलाबादला जाऊन सगळ्यांना सांगितलं, की आमच्या म्हेशला चार पूर्णांक सात पडले. 'कितीपैकी?' असं कुणी विचारलं, तेव्हा संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन करून तेच विचारलं. सरांना सांगता आलं नाही. दीपमालांच्या ऑफिसात एका बाईंनी 'आता सरांचा फॅक्टर कंट्रोलमध्ये आहे ना, गोड बंद केलं असेल' म्हणून आपुलकीने चौकशी केली.

आणि सरांच्या स्वतःच्या निबंधाचं काय झालं, तर त्याचे उल्लेख त्रेसष्टवर गेले. त्या सकाळी सरांनी चहा बाजूला ठेवला, दार लोटून घेतलं आणि ज्यांनी उल्लेख केला ते सगळे निबंध एकामागून एक उघडले. अकरा वर्षांचा उपास सुटणार होता.

पहिल्यात लिहिलं होतं: 'वस्तू कालांतराने थंड होतात (विधाते).' हे सांगायला विश्व लागत नाही, घरातला कुकर पुरतो. दुसऱ्यात दूध होतं. तिसऱ्यात सरांनी जे म्हटलं होतं त्याच्या नेमकं उलट म्हटलं होतं आणि त्याला आधार म्हणून सरांचंच नाव दिलं होतं. एकाने त्यांचं नाव 'विधाता' असं छापलं होतं, त्यामुळे वाक्याला वेगळंच गांभीर्य आलं होतं. दुपारपर्यंत सर वाचत राहिले. शेवटी न राहवून त्यांनी सातपूरच्या त्या पहिल्या प्राध्यापकांना फोन केला.

"माझ्या निबंधातलं तुम्हाला काय आवडलं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मांडणी."

"कोणती मांडणी?"

"एकंदरच सर."

सरांनी फोन ठेवला. शून्य होतं तेव्हा निदान असं वाटायचं, की जगाला आपला पत्ता लागलेला नाही. आता त्रेसष्ट जणांना पत्ता लागला होता आणि दार एकानेही वाजवलं नव्हतं. त्यांना फार एकटं वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं, कारण नाक्यावर अभिनंदन चालू होतं.

समिती आली त्या दिवशी कॉलेजच्या दारात ४.७ ची रांगोळी होती. तिघा सदस्यांना फेटे बांधले. दोघे परप्रांतातले होते, ते फेट्यामुळे मान वळवायला घाबरत होते. तिसऱ्या होत्या डॉ. स्नेहल बोरसे, दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेतल्या तरुण शास्त्रज्ञ. मूळ गाव नांदगाव. त्यांनी फेटा सहज बांधून घेतला आणि सरळ जर्नलचा अंक मागितला.

सगळे सभागृहात बसले. डॉ. बोरसे पानं उलटत होत्या. एका जागी त्या थांबल्या, मग मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"संदर्भांच्या शेवटी ही ओळ आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी इंग्रजीतली ती ओळ मोठ्याने वाचली. बाकीच्या दोन सदस्यांना ती नम्र वाटली. एकाने कौतुकाने मान हलवण्याचा प्रयत्नही केला. डॉ. बोरसेंनी मात्र खालचा ओठ दाताखाली धरला होता.

"आमची पद्धतच हाय मॅडम," तात्या अभिमानाने म्हणाले. "कुणी नाराज व्हायला नको."

"माहीत आहे तात्या. माझ्या भावाच्या लग्नात हीच ओळ होती. तरी आमचे मनमाडचे काका अजून बोलत नाहीत." मग त्यांनी अंक मिटला, आणि आवाज तोच ठेवून पुढचं इंग्रजीत सांगितलं, म्हणजे बाकीच्या दोघा सदस्यांनाही कळावं: हे संदर्भ नाहीत, हा आहेर आहे. ज्या परदेशी सूचीत जर्नलचा आकडा निघतो, त्यांच्याकडे हे कळवावं लागेल.

परप्रांतीय सदस्यांना आहेर म्हणजे काय हे समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. समजल्यावर त्यांनी आपापले फेटे काढून टेबलावर ठेवले. तात्या पंख्याकडे बघू लागले. विधाते सरांना आपल्या बुटांचे बंद सुटले आहेत असं वाटलं आणि ते बराच वेळ वाकून बसले, वास्तविक ते चपला घालून आले होते.

जेवण ठरलं होतं, त्यामुळे झालंच. जेवणानंतर हात धुवायच्या बेसिनपाशी सर उभे होते. गर्दी टाळून ते मुद्दाम शेवटी आले होते. शेजारच्या नळावर डॉ. बोरसे आल्या.

"विधाते सर, तुमचा तो थंड होणाऱ्या विश्वाचा निबंध."

"हो," सर खाली मान घालून म्हणाले. "हल्ली सगळेच त्याचा संदर्भ देतात. तोही आहेरच धरा."

"नाही, मी वाचलाय तो."

सरांनी नळ सोडला होता, तो तसाच वाहत राहिला.

"पीएचडी करत होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "शोधता शोधता तुमच्या वेबसाइटवर सापडला. वसतिगृहाचे नियम पण वाचले मी त्या नादात. सर, सतराव्या समीकरणात चिन्ह चुकलंय. तिथे उणे पाहिजे."

सरांनी डोळे मिटले. ओल्या बोटाने त्यांनी बेसिनच्या टाइलवर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. अकरा वर्षं ते चिन्ह तिथे अधिक होऊन बसलं होतं. ते चूक होतं, अगदी ठळक चूक होतं.

"म्हणजे क्षेत्र विरून जात नाही," ते हळू म्हणाले.

"नाही जात. टिकून राहतं. म्हणून तर मी त्यावर दोन आठवडे घालवले. कल्पना छान आहे सर, फक्त उत्तर उलटं आलंय. माझ्या निबंधात तळटीप दिलीय मी. तळटिपा कुठलं यंत्र मोजत नाही, नाहीतर तुम्हाला तेव्हाच दिसलं असतं." त्यांनी नळ बंद केला, आधी आपला, मग सरांचा. "आजचं मात्र मला कळवावंच लागेल."

"कळवा," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते शिक्षा झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सहसा नसतं.

महिनाभरात जर्नल सूचीतून बाद झालं. तात्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुण्याच्या मेळाव्यात भेटलेल्या त्या अध्यक्षांचं जर्नलही त्याच सुमारास बाद झालं होतं, त्यामुळे बरोबरी राहिली, असा त्यांचा हिशेब. वेबसाइटवरचा कप्पा ठरल्याप्रमाणे रिकामा झाला आणि फुलशेतीचा डिप्लोमा तिथे आला. सरांच्या निबंधाचं नाव टाकलं की आता जरबेराचा फोटो उघडायचा. नाक्यावरचा फ्लेक्स सगुणाबाईंनी मागून नेला. संध्याकाळी त्या फुलकोबीच्या ढिगावर तो पांघरायच्या, तेव्हा तात्या आतल्या बाजूला जायचे आणि सर बाहेर राहायचे.

त्याच आठवड्यात हर्षलच्या लग्नपत्रिका छापून आल्या. दीपमालांनी गठ्ठा सोडला. रंगूबाईंच्या सांगण्यावरून अण्णा एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. पाळदे वरच्या ओळीत होते. सगळी भावकी जागेवर होती. अण्णांनी शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं आणि चष्मा कपाळावर नेला.

"सरांचं नाव नाही."

दीपमालांच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुनियेची नावं घालता घालता घरचंच राहिलं होतं.

"सख्खा चुलता," रंगूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "लोक काय म्हणतील? भावाभावांत बिनसलंय म्हणतील."

"असू दे आई," सर म्हणाले. ते हसत होते. "खाली ओळ आहे ना. आणि माझं नाव दुसरीकडे आलंय एका ठिकाणी. एका तळटिपेत."

"तिथं काय लिव्हलंय?"

"मी चुकलो, असं."

"आणि त्येचा तुला आनंद हाय?"

"सतराव्या समीकरणात चुकलो आई. म्हणजे ती मुलगी पहिल्या समीकरणापासून वाचत तिथवर आली. मध्ये कुठे सोडून नाही गेली. आणि मग दोन आठवडे माझ्याशी भांडत बसली." सरांनी एक पत्रिका उचलून परत गठ्ठ्यावर ठेवली. "मला ते ठाऊकच नव्हतं."

दीपमालांनी डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं. रंगूबाई विचारात पडल्या. समीकरण म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण व्यवहार त्यांच्या ओळखीचा होता.

"तू तिचं घातलं व्हतं का कुठं आधी?"

"नाही."

"सांगितलं व्हतं, माझं घाल म्हून?"

"ओळखही नव्हती."

"आन् तरी तिनं घातलं." रंगूबाईंनी पत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला. "कोणत्या गावची म्हनला?"

"नांदगावची. बोरसे."

"दीपमाला, पेन घे."

पुढचे दोन दिवस दीपमाला आणि अण्णा प्रत्येक पत्रिकेवर निळ्या शाईने दोन नावं लिहीत बसले. निमंत्रकांत महेश विधाते आणि त्याच्या लगेच खाली, वरच्या ओळीत, पाळद्यांच्याही वर, डॉ. स्नेहल बोरसे. डॉक्टरबाईंना एक पत्रिका पोस्टाने गेली. त्यांचा उलट फोन आला, की येणं जमणार नाही, पण उणे चिन्ह घालून निबंध पुन्हा लिहा आणि मला पाठवा. सरांनी त्याच दिवशी कपाटातला निबंध बाहेर काढला.

लग्नाच्या मांडवात गंगापूरचे पाळदे पत्रिका हातात घेऊन रंगूबाईंना शोधत आले. चेहरा जरा ओढलेला होता.

"काय मावशी, ह्या डॉक्टर बोरसे कोण? आमच्या वर घातल्यात म्हणून विचारतो. मुलाकडच्या का मुलीकडच्या?"

सर जवळच उभे होते. त्यांच्या हातात अक्षतांचं ताट होतं. आता पाळद्यांना समजावून सांगावं लागेल म्हणून ते पुढे झाले, पण रंगूबाईंना त्यांची गरज नव्हती. मामाची मुलगी किंवा आत्याचा नातू सांगावा, तशा सुरात त्यांनी नातं सांगून टाकलं.

"म्हेशचं वाचलंय तिनं."

"असं होय," पाळदे म्हणाले, आणि पत्रिका खिशात घालून जेवायला गेले.